खाना क्रमांक १७ : डिजिटल आवर्तसारणी आणि क्लोरिनचं अशक्य केंद्रक

"सर, क्लोरिनचं केंद्रक टिकतच नाही!"

वही पुढ्यात ठेवून एका विद्यार्थ्याने हे सांगितलं तेव्हा मला आधी हसू आलं. पानाच्या तळाशी चौकटीत उत्तर होतं: क्लोरिन-३५ ची बंधनऊर्जा उणे १४७ मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट. बंधनऊर्जा उणे, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनना एकत्र राहण्यापेक्षा सुटं होणंच सोयीचं. असं केंद्रक मुळात तयारच होणार नाही. आणि इकडे मिठाच्या प्रत्येक कणात क्लोरिन सुखाने नांदतंय. मी गणित तपासलं. बेरीज बरोबर, वजाबाकी बरोबर, शेवटी वस्तुमानाची ऊर्जा करण्यासाठी ९३१.४९४ ने केलेला गुणाकारही बरोबर. आकडे त्याने मोबाईलवरच्या आवर्तसारणीतून घेतले होते, आणि त्या आकड्यांतही चूक नव्हती.

कुठेच चूक नाही आणि तरी उत्तर अशक्य, असं फार वेळा होत नाही. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे.

उपक्रम काय होता

मी रसायनशास्त्र शिकवतो. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम आणि मी मिळून एक उपक्रम आखला होता. तिघातिघांचा गट, प्रत्येक गटाला एक मूलद्रव्य. डिजिटल आवर्तसारणी वापरून त्या मूलद्रव्याचं एक माहितीपान तयार करायचं आणि मग त्याच पानावरचे आकडे घेऊन चार कामं करायची: एका अनुमापनाचं गणित (ब्युरेटने थेंबाथेंबाने द्रावण सोडून पदार्थाचं प्रमाण काढणं), एका वस्तुमान वर्णपटाचा अंदाज (रेणू वस्तुमानानुसार वेगळे करून काढलेला आलेख), केंद्रकाची बंधनऊर्जा, आणि आवर्तातल्या, म्हणजे सारणीच्या आडव्या ओळीतल्या, शेजाऱ्यांबरोबर अणुत्रिज्येचा आलेख. साधन कोणतंही चालेल, ॲप असो वा संकेतस्थळ. हे 'कोणतंही चालेल' आम्ही उदारपणे लिहून टाकलं होतं. पुढे जे झालं त्यातला बराचसा वाटा त्या दोन शब्दांचा आहे.

क्लोरिन ज्या गटाला मिळालं त्यात एक मुलगी रसायनात रमणारी, एक मुलगा भौतिकीकडे ओढा असलेला आणि तिसरी मुलगी आलेख आणि मांडणीत हुशार. तिघांनी कामं वाटून घेतली आणि प्रत्येकाने आपापल्या फोनवरचं साधन उघडलं. तीन फोन, तीन सारण्या, खाना एकच: अणुअंक १७, म्हणजे केंद्रकात १७ प्रोटॉन.

पहिल्याच बैठकीत त्यांचं अणुवस्तुमानावरून वाजलं. रसायनवालीला शाळेपासून ३५.५ पाठ. भौतिकीवाल्याच्या ॲपमध्ये ३५.४५. आलेखवालीच्या ॲपमध्ये ३५.४५३. तिघांनी मतदान घेऊन ३५.४५ ठरवलं (हे त्यांनी वहीत प्रामाणिकपणे नोंदवलंय) आणि पुढे गेले.

३५.४५ हे कुणाचं वस्तुमान?

निसर्गातल्या क्लोरिनचे दोन स्थिर समस्थानिक आहेत, म्हणजे प्रोटॉन तितकेच पण न्यूट्रॉन कमी-जास्त असलेले अणू. क्लोरिन-३५ चं वस्तुमान ३४.९६८८५ एकक आणि प्रमाण सुमारे ७५.७६ टक्के, क्लोरिन-३७ चं ३६.९६५९० आणि प्रमाण सुमारे २४.२४ टक्के. या दोघांची प्रमाणानुसार सरासरी काढली की ३५.४५३ येते. म्हणजे ३५.४५ एकक वजनाचा क्लोरिनचा अणू जगात एकही नाही. तो आकडा गर्दीचा आहे, कुणा एका अणूचा नाही.

भौतिकीवाल्याने केलं ते असं: १७ हायड्रोजन अणू (म्हणजे १७ प्रोटॉन, आपापल्या इलेक्ट्रॉनसह), प्रत्येकी १.००८ (हाही आकडा सारणीतलाच), अधिक १८ न्यूट्रॉन, प्रत्येकी १.००८६६५. बेरीज ३५.२९२. त्यातून ३५.४५ वजा. सुट्या भागांपेक्षा अणू हलका भरायला हवा, पण तूट यायची तिथे वाढ आली, ०.१५८ एकक, आणि तिचे उणे १४७ मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट झाले. ३५.४५ च्या जागी क्लोरिन-३५ चं आणि १.००८ च्या जागी हायड्रोजन-१ चं स्वतःचं वस्तुमान घेतलं की वस्तुमान तूट ०.३२० एकक येते, बंधनऊर्जा सुमारे २९८ मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे दर न्यूक्लिऑनमागे (प्रोटॉन असो वा न्यूट्रॉन) साधारण ८.५. या भागातल्या केंद्रकांना शोभेल असंच उत्तर.

गंमत म्हणजे हायड्रोजनच्या बाबतीत तीच चूक त्याला पचली. १.००८ हीसुद्धा सरासरीच आहे. हायड्रोजन-१ च्या अणूचं वस्तुमान १.००७८२५. पण निसर्गात ड्युटेरियम, म्हणजे हायड्रोजनचा जड समस्थानिक, इतकं नगण्य आहे की सतरा अणूंच्या हिशेबात जेमतेम ३ मेगा इलेक्ट्रॉनव्होल्टचा फरक पडला. एका खान्यात सरासरी चालून गेली, दुसऱ्या खान्यात तिने केंद्रक फोडलं. दोन्ही आकडे सारणीत सारख्याच ठळक अक्षरांत छापलेले.

पण मला जास्त काळजी वाटली ती त्याच्या दुसऱ्या प्रयत्नाची. उणे उत्तर बघून तो थांबला नाही, त्याने डोकं चालवलं. सारणी सरासरी सांगते ना, मग न्यूट्रॉनही सरासरीने घेऊ: ३५.४५ वजा १७, म्हणजे १८.४५ न्यूट्रॉन. या हिशेबाने उत्तर आलं २७६ मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट, दर न्यूक्लिऑनमागे ७.८. धन आहे, आकार ओळखीचा आहे, कुणालाही खरं वाटेल. मॅडमनी आधी हेच पान पाहिलं असतं तर कदाचित बरोबरची खूणही मिळाली असती! आणि ते चूक आहे. दोन्ही समस्थानिकांची खरी सरासरी ३०३ च्या आसपास येते. फरक कुठून आला? अणुवस्तुमानातून प्रोटॉन वजा केले की न्यूट्रॉनची संख्या मिळते, असं त्याने धरलं. ती मिळते अणुवस्तुमानांकातून, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्या एकूण संख्येतून. क्लोरिनचा सरासरी अणुवस्तुमानांक ३५.४८५ आहे, ३५.४५ नव्हे, मधलं अंतर पडतं ते बंधनऊर्जेमुळेच, आणि तीच तर शोधायला तो निघाला होता.

जाता जाता एक तक्रार आपल्या परिभाषेबद्दल. अणुवस्तुमान आणि अणुवस्तुमानांक या दोन शब्दांत शेवटच्या 'अंक'इतकाच फरक. एक मोजलेली राशी आहे, दुसरी नुसती मोजदाद. घाईत वाचणाऱ्याला हे दोन शब्द एकच वाटले तर दोष फक्त त्याचा नाही.

आणि खरा दोष आमच्या प्रश्नपत्रकाचाही होता. त्यावर मी स्वतः लिहिलं होतं: 'आवर्तसारणीतून क्लोरिनचं वस्तुमान घ्या.' कुठलं, ते लिहिलं नव्हतं.

रसायनवालीची गोष्ट वेगळी, पण मूळ तेच. अनुमापनात तिचं काहीच बिघडलं नाही. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाने मिठाचं अनुमापन. सोडिअम क्लोराइडचं मोलार वस्तुमान ५८.४४ घ्या किंवा पाठांतरातलं ५८.५ घ्या, फरक एक दशांश टक्का. ब्युरेटमधून एक थेंब जास्त पडला, साधारण ०.०५ मिलिलिटर, तर २० मिलिलिटरच्या वाचनात पाव टक्का जातो. तेव्हा ३५.५ की ३५.४५ हा पहिल्या बैठकीतला वाद या कामापुरता फुकटचा होता. मीठ तोलताना आपण अब्जावधींच्या अब्जावधी अणूंची गर्दीच तोलतो, आणि सरासरी हा गर्दीचाच आकडा. इथे तो अगदी योग्य जागी आहे.

वस्तुमान वर्णपटाला आली तेव्हा मात्र तीही अडकली. क्लोरोमिथेनचं शिखर कुठे दिसेल? तिने बेरीज केली: १२.०११ अधिक ३.०२४ अधिक ३५.४५, एकूण ५०.४९. आलेखावर ५० आणि ५१ च्या मधोमध तिने एक सुबक शिखर काढलं. वर्णपटमापी मात्र रेणू एकेक करून तोलतो, त्याला सरासरी ठाऊक नसते. खरी शिखरं ५० आणि ५२ वर येतात, उंचीचं प्रमाण साधारण तीनास एक. सेंद्रिय संयुगात क्लोरिन आहे का हे ओळखायची ही अगदी पहिल्या धड्यातली खूण. आणि तिने जिथे शिखर काढलं होतं तिथे काहीच नसतं.

म्हणजे एकाच खान्यातला एकच आकडा तीन कामांना लावला. एकात चालला, दोनांत फसला.

दशांश किती, हेही बोलतं

तिसऱ्या फोनवरच्या ३५.४५३ चं काय? तो आकडाही कधीकाळी अधिकृत होता. आययूपॅक ही रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना प्रमाणित अणुभार, म्हणजे हीच सरासरी, जाहीर करते. २००९ च्या फेरतपासणीपर्यंत क्लोरिनपुढे ३५.४५३ होतं. त्या फेरतपासणीत हायड्रोजन, लिथिअम, बोरॉन, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, सिलिकॉन, गंधक, क्लोरिन आणि थॅलिअम या दहा मूलद्रव्यांसाठी एका आकड्याऐवजी कक्षा (किमान ते कमाल) देण्यात आली, कारण त्यांच्या समस्थानिकांचं प्रमाण पदार्थ कुठून आला यावर बदलतं. क्लोरिनची कक्षा ३५.४४६ ते ३५.४५७. रोजच्या हिशेबासाठी सोयीचा आकडा म्हणून ३५.४५. पुढे मॅग्नेशिअम, ब्रोमिन, अरगॉन आणि २०२१ मध्ये शिसंही या यादीत आलं. शिशाची कक्षा तर २०६.१४ ते २०७.९४ इतकी ऐसपैस आहे, कारण ते काही अंशी युरेनिअम आणि थोरिअमच्या ऱ्हासातून तयार होतं आणि प्रत्येक खनिजात त्याचं मिश्रण निराळं.

हे कळल्यावर गटाला एक खेळ सापडला: ॲपचं वय ओळखणं. क्लोरिनपुढे ३५.४५३ असेल तर माहिती जुनी. मॉलिब्डेनमपुढे ९५.९४ असेल तर २००७ च्याही आधीची. मग ते ९५.९६ झालं आणि २०१३ मध्ये ९५.९५. खाना ११३ मध्ये निहोनिअमऐवजी तात्पुरतं लॅटिन नाव दिसलं तर नोव्हेंबर २०१६ नंतर कुणी तिकडे फिरकलेलं नाही. आलेखवालीच्या ॲपमध्ये निहोनिअम होतं पण क्लोरिन ३५.४५३. नावं रंगवली, आकडे तसेच ठेवले.

याहून सूक्ष्म गोष्ट तिच्याच लक्षात आली. फ्लोरिनपुढे १८.९९८४०३ असे लांबलचक दशांश आणि शेजारच्या क्लोरिनपुढे दोनच. तिला वाटलं, ॲप बनवणाऱ्याने आळस केलाय. तसं नाही. फ्लोरिनचा स्थिर समस्थानिक एकच, त्यामुळे तिथे सरासरीची भानगडच नाही आणि आकडा हवा तितका काटेकोर सांगता येतो. क्लोरिनचा नाही सांगता येत, कारण निसर्गातच तो एक नाही. दशांशांची कमी-जास्त लांबी ही स्वतःच माहिती आहे. काही साधनं सगळ्या खान्यांत नीटनेटके तीन दशांश करून ३५.४५० लिहितात. दिसायला छान. पण त्या शेवटच्या शून्याला काही आधार नाही, आणि फ्लोरिनच्या छाटलेल्या आकड्यांबरोबर ती माहितीही गेली.

त्रिज्येचा घोळ

आलेखवालीचं काम तिसऱ्या आवर्तातल्या मूलद्रव्यांच्या अणुत्रिज्यांचं. नियम सगळ्यांना पाठ: डावीकडून उजवीकडे जाताना केंद्रकाचा प्रभार वाढतो, इलेक्ट्रॉन आत ओढले जातात, त्रिज्या कमी होत जाते. तिने सोडिअमपासून आलेख काढायला घेतला. क्लोरिनपर्यंत रेघ शहाण्यासारखी उतरली आणि अरगॉनला एकदम उडी मारून वर गेली. क्लोरिन ९९ पिकोमीटर, अरगॉन १८८.

तिने रसायनवालीच्या फोनवर पाहिलं: क्लोरिन १७५, अरगॉन १८८. भौतिकीवाल्याच्या फोनवर: क्लोरिन ७९, अरगॉन ७१. तिन्हीकडे रकान्याचं नाव एकच, 'अणुत्रिज्या'.

अणूला कडा नसते. इलेक्ट्रॉनचा ढग बाहेर विरळ होत जातो, कुठे संपला म्हणायचं हे ठरवावं लागतं, आणि ठरवणाऱ्यागणिक उत्तर बदलतं. क्लोरिनच्या रेणूत दोन केंद्रकांमधलं अंतर सुमारे १९९ पिकोमीटर. त्याचं अर्धं म्हणजे ९९, ही झाली सहसंयुज त्रिज्या. बंध न जोडता दोन क्लोरिन अणू जितके जवळ येऊ शकतात त्यावरून व्हॅन डर वाल्स त्रिज्या निघते. बाँडी यांच्या १९६४ च्या तक्त्यात ती १७५ आहे. ७९ हा आकडा क्लेमेंटी आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये तरंगफलनांवरून (इलेक्ट्रॉनच्या गणिती वर्णनावरून) काढलेल्या त्रिज्यांतला. १९६४ चाच स्लेटर यांचा तक्ता शंभर म्हणतो. २००८ मधल्या सहसंयुज त्रिज्यांच्या नव्या तक्त्यात १०२ आहे. आणि क्लोराइड आयन घेतला तर १८१. एवढे सगळे आकडे, सगळे बरोबर, सगळे क्लोरिनचेच.

तिच्या आलेखातली उडी समजायला आता अवघड नव्हती. अरगॉन बंध जोडत नाही, मग त्याची सहसंयुज त्रिज्या आणणार कुठून? ॲप बनवणाऱ्याने रिकामा खाना दिसू नये म्हणून तिथे व्हॅन डर वाल्स त्रिज्या भरली. सोडिअमच्या टोकाला पुन्हा तिसराच प्रकार: धातूच्या स्फटिकातल्या अंतराचं अर्धं. एकाच रेघेवर तीन मोजपट्ट्या. मला विचाराल तर या प्रकरणातला सर्वांत मोठा दोष हाच, आणि तो विद्यार्थ्यांचा नाही. रिकामा खाना ही लाजेची गोष्ट नसते. स्लेटर यांच्या तक्त्यात निऑनसाठी आकडाच नाही.

ती म्हणाली, "मग आलेखात कुठली घेऊ?" मी उलट विचारलं, आलेखावरून काय सांगायचंय? आवर्तात अणू आकसतो हे दाखवायचं असेल तर गणिताने काढलेली मालिका सलग आहे, ती अरगॉनपर्यंत उतरत जाते. रेणूतली बंधलांबी अंदाजायची असेल तर सहसंयुज. ९९ च्या दुपटीने १९८ येतात, खऱ्या लांबीला खेटून. तिथे ७९ वापरले तर १५८ येतील आणि रेणू चुरगळेल, १७५ वापरले तर ३५० येतील आणि रेणू तुटेल. तिने दोन आलेख काढले, एकाच कागदावर, दोन रंगांत. उपक्रमातलं मला सर्वांत आवडलेलं पान ते.

बाकीचे रकाने

इतर घोटाळे लहान होते, भराभर सांगतो.

घनता: एका ॲपमध्ये क्लोरिनची घनता ३.२ आणि सोडिअमची ०.९७, दोन्ही एकाच रकान्यात, एकक न लिहिता. क्लोरिनचे ग्रॅम प्रति लिटर होते, सोडिअमचे ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. घनतेनुसार रंग भरणारं बटण दाबलं की हा पिवळट-हिरवा वायू ॲल्युमिनिअमपेक्षा जड दिसायचा. रंगीत नकाशे दिसायला देखणे असतात. आकडा वाचताना माणूस एकदा तरी थबकतो, रंगापाशी थबकत नाही.

इलेक्ट्रॉन आकर्षण (अणूने एक इलेक्ट्रॉन घेताना होणारा ऊर्जेचा फरक): एकीकडे ३४९, एकीकडे उणे ३४९, एकीकडे ३.६१. पहिल्या दोघांत फरक चिन्हाच्या प्रथेचा, म्हणजे बाहेर पडलेली ऊर्जा मोजायची की प्रणालीतला बदल. तिसरा आकडा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये, आणि एक इलेक्ट्रॉनव्होल्ट दर अणूमागे म्हणजे ९६.४८५ किलोज्यूल दर मोलमागे. आयनन ऊर्जेचंही (इलेक्ट्रॉन काढायला लागणाऱ्या ऊर्जेचं) तसंच: १२५१ आणि १२.९७. रसायनवाली मोलमध्ये विचार करते, भौतिकीवाला एकेका अणूत. दोघं एकाच वहीत लिहीत होते, त्यामुळे हे लवकर पकडलं गेलं.

विद्युतऋणता (बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याची ताकद): पॉलिंगच्या मोजपट्टीवर क्लोरिन ३.१६ आणि नायट्रोजन ३.०४, म्हणजे क्लोरिन वरचढ. ॲलनच्या मोजपट्टीवर क्लोरिन २.८७ आणि नायट्रोजन ३.०७, क्रम उलटा. बहुतेक सारण्या पॉलिंगचा आकडा देतात. निम्म्या त्याचं नाव लिहीत नाहीत.

तापमानाची सरकपट्टी मात्र सगळ्यांना आवडली, मलाही. कागदावरच्या सारणीला हे कधीच जमलं नसतं. अंगठ्याने पट्टी सरकवली की उणे ३४ अंशांना क्लोरिन द्रवाचा वायू होतो. २५ वरून ३० अंशांवर जाता जाता सीझिअम आणि गॅलिअम दोन्ही वितळतात. रसायनवालीने विचारलं, "मग सिलिंडरमध्ये क्लोरिन द्रव कसा, नेहमीच्या तापमानाला?" पट्टी एका वातावरणाच्या दाबाची गोष्ट सांगते, सिलिंडरमध्ये दाब सुमारे सातपट असतो. साधनाने दाब कुठेच लिहिला नव्हता. तिला प्रश्न पडला, एवढं त्या पट्टीने कमावलं असं मी म्हणेन.

दुसरी फेरी

मॅडमचं म्हणणं होतं की पुढच्या वेळी एकच साधन ठरवून द्यावं. मला ते पटलं नाही. तीन फोनवर तीन आकडे दिसले म्हणूनच तर भांडण झालं, आणि भांडण झालं म्हणून कळलं. एकच ॲप असतं तर अरगॉनची उडी कुणाला खटकलीही नसती. शेवटी आम्ही मधला मार्ग काढला: साधन मोकळं, पण पानावर आकडे फक्त बाराच, आणि प्रत्येकापुढे चार गोष्टी. कशाचा आकडा, कोणत्या एककात, कोणत्या परिस्थितीत किंवा मोजपट्टीने, आणि कुणी दिलेला. विद्यार्थ्यांनी या चौकटीला 'आकड्याची कुंडली' म्हणायला सुरुवात केली. नाव मला फारसं आवडलं नाही, पण रुळलं.

यासाठी काही जागा चांगल्या उपयोगी पडल्या. आययूपॅकची स्वतःची सारणी अगदी साधी आहे: अणुअंक, चिन्ह, नाव आणि अणुभार, जिथे कक्षा आहे तिथे कक्षाही. समस्थानिकांसाठी त्यांचीच वेगळी सारणी आहे, तिच्यात प्रत्येक खान्यात समस्थानिकांच्या प्रमाणाचं वर्तुळचित्र काढलेलं असतं. क्लोरिनच्या खान्यात तीन चतुर्थांश आणि एक चतुर्थांश असे दोन तुकडे सरळ दिसतात. भौतिकीवाल्याने ते पाहून कपाळावर हात मारला. ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीची सारणी बंधविरहित त्रिज्या आणि सहसंयुज त्रिज्या अशा दोन वेगळ्या ओळी देते. १९९७ पासून चालू असलेल्या पीटेबलमध्ये समस्थानिकांचं स्वतंत्र दालन आहे. पबकेम या रसायनांच्या माहितीसाठ्याची सारणी २०१९ मध्ये आली, तिचा सगळा तक्ता उतरवून घेता येतो आणि आलेखवालीने तो थेट आलेखाच्या कामाला लावला. पायथॉन ही संगणकभाषा येणाऱ्यांसाठी मेंडेलीव्ह नावाची एक लायब्ररी आहे. तिच्यात त्रिज्येच्या आणि विद्युतऋणतेच्या अनेक मोजपट्ट्या आपापल्या नावानिशी मिळतात, त्यामुळे 'कुठली त्रिज्या?' हा प्रश्न टाळताच येत नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एका गटाने बाराही आकड्यांपुढे 'स्रोत: इंटरनेट' लिहून दिलं. दुसऱ्याने कुंडली सुरेख भरली आणि गणितात तरीही सरासरीच वापरली. चौकट भरणं आणि विचार करणं या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे कुठल्याही शिक्षकाला ठाऊक आहे, मी मात्र विसरलो होतो. क्लोरिनच्या गटाने मात्र आपलं पान पुन्हा केलं. वस्तुमानाच्या जागी आता तीन ओळी होत्या: गर्दीसाठी ३५.४५, आणि खाली दोन समस्थानिक, आपापल्या वस्तुमानासह.

त्या पानावर 'न्यूट्रॉन: १८' अशी एक ओळ पहिल्या फेरीपासून होती. ॲपमधूनच आलेली. दोन्ही वेळा मी ती तपासली, क्लोरिन-३५ साठी बरोबर आहे म्हणून पुढे गेलो.

पुढच्या महिन्यात ब्रोमिनच्या गटाचं पान मॅडमच्या टेबलावर होतं. क्लोरिनचा भौतिकीवाला सहज डोकावला आणि त्याने बोट ठेवलं. न्यूट्रॉन: ४५.

"हा आकडा कुठून आला?"

"ॲपमधून."

त्याने कागद ओढला. ब्रोमिनचा अणुभार ७९.९०४. ॲपने तो गोल करून ८० केला होता आणि ३५ वजा केले होते. निसर्गात ब्रोमिन-७९ आहे, ब्रोमिन-८१ आहे. ४४ न्यूट्रॉन किंवा ४६. मधलं ब्रोमिन-८० किरणोत्सारी, अर्धायुष्य साडेसतरा मिनिटांच्या थोडं वर. मग त्याने तीच रीत आपल्या क्लोरिनला लावून पाहिली: ३५.४५, गोल केलं की ३५, वजा १७, अठरा.

"सर," तो म्हणाला, "आमचे अठरासुद्धा असेच आले होते का?"

मी त्याच्या हातून कागद घेतला आणि तांबं करून पाहिलं. ६३.५४६, गोल केलं की ६४. तांब्याचे स्थिर समस्थानिक ६३ आणि ६५.